एकवीस ठिपक्यांची करवंटी

मी एक जुनी करवंटी आहे. हसून घ्या, मित्रांनो, मी थांबते. तलवारीनं, पुस्तकानं, गेला बाजार छत्रीनं आपली कहाणी सांगावी. करवंटी काय सांगणार, माझं खोबरं कुणी खाल्लं ते? तेही सांगते. दंडपाणीनं खाल्लं. इडलीबरोबर, चटणी करून, आणि वर म्हणाला, मीठ कमी आहे.

माझ्या बरोबरीच्या सगळ्या करवंट्या आंघोळीच्या पाण्याखाली जळून गेल्या. मला त्याच्या बायकोनं, अलमेलूनं, बाजूला काढलं. विटेच्या तुकड्यानं घासलं, काचेनं खरवडलं, तेलाचा हात फिरवला आणि तांदळाचं पीठ भरून दाराशेजारच्या कोनाड्यात बसवलं. तिथून मला अख्खी गल्ली दिसते आणि ओट्यावरचं सगळं बोलणं ऐकू येतं. कान नसले म्हणून काय झालं, पोकळ भांड्यात आवाज चांगला घुमतो.

रोज उजाडायच्या आत अलमेलू दारात शेणाचा सडा टाकायची, मला डाव्या तळव्यावर घ्यायची आणि कमरेत वाकून चिमटीनं कोलमाचे, म्हणजे आमच्याकडच्या रांगोळीचे, ठिपके ठेवायला लागायची. बसून नव्हे हं. बसून कोलम काढणारीला आमची गल्ली आळशी म्हणते. ठिपके झाले की त्यांच्या भोवतीनं पांढरी रेघ नागमोडी फिरत निघायची आणि जिथून निघाली तिथंच येऊन बरोबर मिळायची. शुक्रवारी कडेनं गेरूची लाल रेघ. मार्गळी महिन्यात, म्हणजे तुमच्या मार्गशीर्ष-पौषात, तर एकवीस ठिपक्यांचा कोलम आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. समोरची कनकवल्ली दाराआडून आमचे ठिपके मोजायची. मला कसं माहीत? मी तिचे मोजायचे. तिची धाव पंधरापर्यंत.

बारा वर्षं अशी ऐटीत गेली. मग एका मार्गळीत चिमूट बिघडली.

सगळ्यात आधी मला कळलं. अलमेलू मला एका तळव्यावर घ्यायची ती दोन्ही तळव्यांत धरून उचलायला लागली, तापलेलं पातेलं उतरवावं तशी. बोटांची पेरं सुजलेली, गरम. मनगट वळेना. पीठ चिमटीतून सुटायचं तेव्हा ठिपक्याच्या जागी बोराएवढा ढीग. एकविसाचे पंधरा झाले, पंधराचे नऊ, नवाचे पाच. कनकवल्लीला आयता सण.

आणि गंमत पाहा. दहाच्या सुमारास तीच बोटं सैल व्हायची. अलमेलू वांगी चिरायची, कपडे पिळायची. दंडपाणी भाताच्या गिरणीत मुकादम, माणसं हजर आहेत की नाहीत एवढंच बघण्यात जन्म गेलेला. तो ओट्यावर बसून चार जणांना सांगायचा, "आमच्या हिच्या दुखण्याच्या हातात घड्याळ आहे. कामाच्या वेळेला बरोबर हजर होतं, जेवायच्या वेळेला सुट्टी घेतं."

ओटा खदाखदा हसला. खरं सांगते, मीही हसले. विनोद चांगलाच होता. फक्त त्यातला एक शब्दही विनोद नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं.

एका सकाळी अलमेलूला अंथरुणातून उठताच आलं नाही. दारात सडा नाही, कोलम नाही. आता आमच्या गल्लीत बिनकोलमाचं दार म्हणजे त्या घरातलं कुणीतरी गेलं. दुसरा अर्थच नाही. दूधवाला दारापर्यंत आला, जमीन बघितली आणि पाय न वाजवता मागे फिरला. अर्ध्या तासात कनकवल्ली मयताला जायच्या रीतीनं केस मोकळे सोडून, डोळ्यांना पदर लावून हजर. मागे आणखी सहा बायका. ओट्यावर दंडपाणी डोक्यावरून पंचा घेऊन बसलेला, कारण त्याला कॉफी मिळाली नव्हती. बायकांना वाटलं, सुतकात बसलाय.

कनकवल्लीनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून अलमेलूचा आवाज आला, "कोण गेलं गं, अक्का?"

"तूच," कनकवल्ली म्हणाली. मग भानावर येऊन म्हणाली, "म्हणजे... आम्हाला तसं वाटलं."

"थोडं थांबा. दहा वाजता उठते मी."

मी कोनाड्यात हसून हसून लोळायचीच राहिले. दंडपाणीचा चेहरा मात्र भाताच्या पेजेसारखा पांढरा पडला. गल्लीनं जिवंत बायकोचं सुतक पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. वर्षभर ती कण्हत होती तेव्हा नव्हे. अब्रू गेली तेव्हा.

संध्याकाळी परत आल्यावर अलमेलूनं ओट्यावर कनकवल्लीला सगळं सांगितलं, म्हणून मला ठाऊक. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी औषध नाही, एक प्रश्न विचारला. सकाळी उठल्यापासून मूठ मिटायला किती वेळ लागतो? अलमेलू म्हणाली, दूध येतं तेव्हा बोटं लाकडाची असतात, शाळेची घंटा झाली की माझी होतात. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. म्हणजे दंडपाणीनं ओट्यावर जो विनोद केला होता, तीच रोगाची खूण होती. हा संधिवात सकाळीच आवळतो. तो मुळातून जात नाही, पण त्याला दाबून ठेवता येतं. गोळी आठवड्यातून एकदाच, एकाच ठरलेल्या वारी. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, सांधे दाखवायचे. बरं वाटलं तरी यायचं. बरं वाटलं तरी, हे त्यांनी तीनदा सांगितलं म्हणे.

अलमेलूनं गोळीला शुक्रवार दिला. कोलमाला गेरूची रेघ ओढायची, आत जाऊन गोळी घ्यायची. विसरायची सोयच नाही. दोन-अडीच महिने काही फरक पडला नाही. मग एकदा तिनं मला पुन्हा एका तळव्यावर घेतलं. पाचाचे नऊ, नवाचे पंधरा, आणि पुढच्या मार्गळीत एकवीस. मध्ये भोपळ्याचं फूल. कनकवल्लीनं दाराआडून न बघता सरळ येऊन, वाकून मोजले आणि म्हणाली, "अलमेलू, तुझा हात परत आला गं." अलमेलू लाजली. मी फुगले.

मित्रांनो, इथंच घात झाला.

कारण त्या दिवसापासून कोलम म्हणजे तिच्या तब्येतीचा दाखला ठरला. तीन महिन्यांची तारीख आली, तर दंडपाणी म्हणाला, "एकवीस ठिपके काढणारी बाई आजारी? दवाखान्यात लोक हसतील. बरं असताना औषध घेतो त्याचं डोकं तपासावं." दवाखाना दोन बस बदलून, दिवस मोडून. तिथल्या त्या डॉक्टरीणबाईंची बदली झालेली. जवळच्या आरोग्य केंद्रात ती गोळी ठेवतच नाहीत. तिथं दुखण्याची गोळी देतात आणि घरी पाठवतात. त्यात मुलाचं, इळंगोचं लग्न निघालं. दारात लग्नाचा कोलम कोण काढणार? अलमेलू. मग ती आजारी कशी असेल? पाहुणे म्हणाले वा. सोयरे म्हणाले वा. एवढे सगळे वा म्हणत असताना तिलाही वाटलं, आपण खरंच बऱ्या झालो. कुणाला वाटणार नाही?

शुक्रवारची गेरूची रेघ चालू राहिली. गोळी बंद झाली.

आणि मी? मी करवंटी, मला बोलता येत नाही, ही सबब आहे. खरी गोष्ट अशी की मलाही एकवीस ठिपक्यांची चटक लागली होती. दवाखान्याचा दिवस म्हणजे कोलमाचा खाडा. मी मनातून म्हटलं, गेली नाही तेच बरं.

आठ महिन्यांनी रोग परत आला. एकदम नाही, लबाडासारखा. आधी रेघ मिळायची जागा चुकायला लागली. मग ठिपके कमी झाले. दंडपाणी म्हणाला, वय झालं. अलमेलू पन्नाशीतली. सून पूंगोडी चांगली पोर. तिनं दोनदा म्हटलं, अत्तै, मी येते दवाखान्यात, चला. अलमेलूच म्हणाली, मार्गळी संपू दे. ती मार्गळी संपेस्तोवर बोटं करंगळीच्या बाजूला कलली, वाऱ्यानं भात झुकावा तशी. शेवटी पूंगोडी तिला घेऊन गेली, तेव्हा नवा डॉक्टर म्हणाला, उरलंय ते गोळीनं वाचवू. वाकडं झालंय ते आता सरळ होणार नाही.

आता ती गोळी नेमानं घेते. शुक्रवारी पूंगोडी पट्टी फोडून गोळी तिच्या तळव्यावर ठेवते, कारण चिमटीला ती पकडता येत नाही. माझ्यात पीठ नाही. रिकाम्या झालेल्या पट्ट्या माझ्यात टाकतात.

आणि दारात कोलम आहे, बरं का. एकवीस ठिपक्यांचा, चकचकीत, प्लॅस्टिकचा. पूंगोडीनं सासूला बरं वाटावं म्हणून आणून चिकटवला. पावसानं पुसत नाही, पायानं फिसकटत नाही. बाजाराला जाताना लांबूनच बघणाऱ्या बायका म्हणतात, अलमेलूचा हात अजून तसाच आहे हो. दंडपाणी ओट्यावरून मान डोलावतो. अलमेलू आतून ऐकते.

मित्रांनो, करवंटीची एवढी एकच विनवणी. तुमच्या घरात कुणी सकाळी कप दोन्ही हातांनी धरत असेल, तर विनोद करण्याआधी विचारा, मूठ कधी मिटते? आणि मिटायला लागली की विचारणं सोडू नका. तेव्हाच तर सोडायचं नसतं. दारातल्या कोलमावर जाऊ नका. आमचं दार बघा ना. आता अलमेलू एखाद्या सकाळी खरोखरच उठली नाही, तरी कोलम दारात असेल. दूधवाला दूध ठेवून जाईल. कनकवल्ली केस बांधून आपल्या कामाला लागेल. कुणीही येऊन विचारणार नाही, कोण गेलं म्हणून.