देदाचे पाच शब्द

"भूत दिसलं तर पळू नकोस, ताया. त्याला नाव विचार. नाव कळलं की भूत निम्मं होतं."

बाबा हे म्हणायचे तेव्हा बाहेर बैकाल सरोवरावरून सुटलेलं वारं खिडक्यांना बर्फ लिंपत असायचं. आम्ही पोरं मेंढीचे कोट उलटे घालून, तोंडाला काजळी फासून दारोदार गाणी म्हणायला निघालेलो असायचो. नाताळानंतरच्या बारा दिवसांत आमच्या गावी सोंगं निघतात.

इथं मेलबर्नला सोंगं निघतात ती ऑक्टोबर सरताना, ऐन वसंतात. संध्याकाळी सात वाजता लख्ख उन्हात सांगाडे रस्ता ओलांडतात, आणि भुतांच्या आया त्यांना टोपी घाल, टोपी घाल म्हणून मागून ओरडतात.

माझी वार्या इथंच जन्मली. आठ वर्षांची आहे. तिची रशियन म्हणजे ठिगळांची गोधडी; त्यातलं प्रत्येक ठिगळ तिच्या देदानं, म्हणजे माझ्या बाबांनी, लावलेलं. दर शनिवारी ते फोनवर तिला पाच शब्द द्यायचे. चार कामाचे, पाचवा हसायचा. यंदा हॅलोविन म्हणून भूत, चेटकीण, कोळी, सांगाडा असे चार दिले आणि पाचवा दिला पळी. सांगाड्याशेजारी पळी कशाला, असं वार्यानं विचारलं. ते म्हणाले, "अगं, तो किती वाळलाय बघ. त्याला कुणी वाढायला नको?" उचकी लागेपर्यंत हसली पोरगी.

भुताचा शब्द तेवढा तिच्या जिभेवर बसेना. प्रिविदेन्ये. दरवेळी मधेच पाय घसरायचा. एकतीस तारखेला सोंग घालून सगळे शब्द फोनवर म्हणून दाखवायचे, असं दोघांचं ठरलं होतं. एकही चुकला नाही, तर देदा तिकडे कोट उलटा घालून नाचणार होते.

तेवीस तारखेला दुपारी भावाचा फोन आला. बाबा अंगणात लाकडं फोडत होते. दम खायला म्हणून ओंडक्यावर बसले, ते उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी माती देतात आमच्यात. दोन विमानं बदलून मी पोचले असते चौथ्या दिवशी. नवरा वाळवंटातल्या खाणीवर, त्याची पाळी संपायला अजून दोन आठवडे; वार्याला कुणाकडे ठेवणार? मी फोन खाली ठेवला, तोच वार्या शाळेतून आली. दप्तर दारातच टाकलं आणि गिरकी घेऊन म्हणाली, प्रिविदेन्ये. न अडखळता. पहिल्यांदाच.

मी शाब्बास म्हटलं. तेवढंच म्हटलं.

माणूस गेलं की घरातले आरसे चाळीस दिवस झाकायचे असतात. मी बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या आरशावर पांढरी चादर टाकली. वार्यानं ती पाहिली आणि टाळ्याच पिटल्या. आई, आपलं घर आता सगळ्या गल्लीत भारी, म्हणाली. काळ्या कागदाचे कोळी कापून तिनं त्या चादरीवर चिकटवले. मी डिंकाची बाटली धरून उभी होते.

शनिवार आला. देदाचा फोन बिघडलाय, असं मी सांगितलं. तिचं तोंड एवढंसं झालं. ते मला बघवेना. मग मीच एका कागदावर पाच शब्द लिहिले आणि मामानं कळवलेत म्हणून तिच्या हातात दिले. वटवाघूळ, भोपळा, मुखवटा, मेणबत्ती, थडगं. शेवटचा शब्द माझ्या हातून कसा उतरला, मलाच ठाऊक नाही.

तिनं कागद दोनदा वाचला. "यात हसायचा कुठाय?"

विसरले असतील, मी म्हटलं.

"देदा विसरत नाही," ती म्हणाली. थोडा वेळ पेन्सिल चावत बसली, मग खाली स्वतःच लिहिलं, पायमोजा. आणि पाठ करायला लागली.

आठवडाभर घरात ते शब्द घुमत होते. न्हाणीघरात, जिन्यात, लापशीच्या वाडग्यावर. सांगायला मी रोज तोंड उघडायची आणि रोज मिटायची. ती कुणासाठी तरी पाठ करत होती, तोवर तिकडे कुणीतरी ऐकणारं होतं. मला ते माणूस अजून थोडे दिवस हवं होतं.

एकतीस तारीख हाच बाबांचा नववा दिवस, आमच्यात गेलेल्याला वाढायचा. सकाळी धिरडी केली, पहिलं त्यांच्या नावानं बाजूला ठेवलं. पेल्यात वोडका ओतून वर काळ्या पावाचा तुकडा ठेवला. वार्यानं विचारलं तर म्हटलं, असू दे, भुतांसाठी आहे.

दुपारी शेजारच्या झोया मावशी गोळ्यांची पिशवी घेऊन आल्या. ओदेसाच्या बाई, जीभ म्हणजे सुरी. उशीचा अभ्रा घालून उभ्या असलेल्या वार्याला म्हणाल्या, "भूत झालीस होय? मला वाटलं, बटाट्याचं पोतं चालत आलं." वार्या खिदळली. मावशींची नजर आरशाकडे गेली. मग पेल्याकडे. त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"कोण?"

"बाबा."

"पोरीला माहितीये?"

मी नकारार्थी मान हलवली. मावशींनी एक धिरडं उचललं, उभ्यानंच खाल्लं. हात पुसले.

"मेल्या माणसाच्या चादरीवर तू तिला कोळी चिकटवू दिलेस, ताया. उद्या मोठी झाली की कळेल तिला. माफ करेल तुला, आईच आहेस. पण विसरणार नाही."

एवढं बोलून त्या गेल्या. जाताना वार्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

सहा वाजले. फाटकाशी दोन चेटकिणी आणि एक समुद्री चाचा वार्याला हाका मारत होते. ती म्हणाली, थांबा रे, आधी माझं देदाचं काम आहे. चित्रण करायला माझा फोन तिनं माझ्याच हातात दिला, अभ्रा नीट केला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिनं एकामागून एक सगळे शब्द म्हटले. एकही चुकली नाही. मग धापा टाकत माझ्याजवळ धावत आली.

"पाठव ना. मामाच्या फोनवर पाठव, तो दाखवेल त्याला. आता तिकडे किती वाजलेत? जेवला असेल का देदा?"

मी फोन बाजूला ठेवला. जमिनीवर बसले आणि तिला समोर बसवलं. अभ्र्याच्या भोकांतून तिचे डोळे तेवढे दिसत होते, म्हणून आधी तो अभ्रा काढला. केस घामानं कपाळाला चिकटले होते.

"देदाचा फोन बिघडलेला नाही, वार्या. देदा वारले. मागच्या आठवड्यात, गुरुवारी. तू शाळेतून शब्द म्हणत आलीस ना, तेव्हा मला कळून दहा मिनिटं झाली होती. तो शब्दांचा कागद मी लिहिला, मामानं नाही कळवला. मला सांगता आलं नाही तुला."