बापाची खूण

आखातातून वादळ येतंय म्हणून पोलिसांची गाडी सकाळपासून भोंगा वाजवत खाडीकाठानं फिरत होती, आणि थिओफिल खुशाल ओसरीवर कोळंबीचं जाळं सांधत बसला होता. ओडालीनं गाठोडी बांधून पायरीवर आणून ठेवली होती.

"आवं, उठा की! समदं गाव गेलं. तुमी काय वादळाला जेवायला वाढनार हाय?"

"चार वर्सामागं तुजंच ऐकलं न्हवं? अकरा तास गाडीत उकडून निगालो. वादळ गेलं भलतीकडं, अन् हितं चोरांनी जाळी न्हेली." त्यानं स्वयंपाकघराच्या चौकटीकडं बोट केलं. "ती बग बाची खूण. मोट्या वादळात पानी छातीला लागलं, तितंवर. त्येच्यावर कदी येनार न्हाई."

खूण त्याच्या बापानं चाकूनं कोरलेली. या माणसाचा देवापेक्षा तिच्यावर जास्त भरवसा.

"तवा दाराला पाच पायऱ्या हुत्या. आता दोनच दिसत्यात. घर खचलं तशी खूणबी खाली आली की! गुरं चरायची तितं मासं फिरत्यात, दिसत न्हाई व्हय?"

तेवढ्यात गाडी दाराशी थांबली. शिपायानं ओडालीच्या हातात काळा मार्कर ठेवला. "काकी, ऱ्हानार असाल तर दंडावर नावं लिवा. मागनं वळखायला बरं पडतं."

थिओफिल खो खो हसला. "मला नाव कशाला? हे वाकडं नाक हाय की!"

"काकी, तुमी तरी चला."

ओडाली क्षणभर घुटमळली. पण चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला टाकून जायचं तिला जमेना. मार्कर खिशात टाकून, गाठोडी उचलून ती आत गेली. तिला त्याचा संताप आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दुपारी वारं सुटलं. पाणी दारातून आलंच नाही, खालच्या फळ्यांच्या फटींतून वर आलं. थिओफिल खुणेवर तळहात ठेवून उभा राहिला. पाणी बोटांवरून वर गेलं तरी हात काढेना, तेव्हा ओडालीनं त्याला ओढत माळ्यावर नेलं.

छप्पर डोक्याला लागत होतं. खाली खुर्च्या भिंतींवर आदळत होत्या. माळ्याच्या शिडीच्या तीनच पायऱ्या उरल्या होत्या, मग दोन.

थिओफिलनं शिडीकडं एकदा पाहिलं. मग त्यानं ओली बाही वर सारली आणि दंड पुढं केला.

"लिव."

ओडालीनं मार्करचं टोपण दातांनी काढलं.

"नीट लिव, ओडाली. नाकावरनं वळखतीलच असं न्हाई."