आईच्या टाक्यातलं पाणी

शनिवारी दुपारी मी कॅन घेऊन आईच्या घरी गेले, तर अंगणातल्या टाक्याच्या झाकणाला कुलूप! रविवारी आईचा चाळिसावा दिवस, तिच्या नावाचं जेवण. जाताना बिचारीनं एवढंच मागितलं होतं, "त्या दिवशी माझ्या मडक्यातले चणे वाढ, माझ्या टाक्यातल्या पाण्यात शिजवलेले." ग्रीसमधल्या आमच्या सिफ्नोस बेटावर चणे टाक्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यातच शिजतात. नळाच्या जड पाण्यात रात्रभर भट्टीत ठेवले तरी खडे ते खडेच.

घर माझ्या धाकट्या भावाच्या, सीमोसच्या वाट्याला आलंय. महिन्याभरात त्यानं ते पर्यटकांना भाड्यानं द्यायला काढलं.

"किल्ली दे," मी त्याला म्हटलं.

"टाकं रिकामं आहे, मोस्खा."

"रिकामं? फेब्रुवारीत काठोकाठ होतं!"

त्यानं नुसतं घरामागे बोट दाखवलं. तिथे पोहण्याच्या नव्याकोऱ्या निळ्या तलावात एक गोरं जोडपं डुंबत होतं.

"नळाचं पाणी भरलं की फरशीवर डाग पडतात गं," तो म्हणाला. "आणि चण्यांचं काय एवढं? शेजारून घे की बादलीभर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं त्या टाक्यातलं पाणी कधी भांडी घासायला वापरलं नव्हतं, आणि याच्या पाहुण्यांनी त्यात पाय धुवायचे? मी चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्या जोडप्याच्या मधोमध कॅन बुडवला. बाई किंचाळली.

"अगं वेडी झालीस का? त्यात क्लोरीनचं औषध टाकलंय!" सीमोस ओरडला.

"आईचंच पाणी आहे ना? मग झालं."

घरी येऊन मडक्यात भिजलेले चणे घातले, कांदा, तेल, तमालपत्र घातलं, वर ते पाणी ओतलं आणि कणकेनं झाकण लिंपलं. संध्याकाळी सगळ्या गावाची मडकी बेकरीवाल्या फ्लोरोसकाकाच्या भट्टीत जातात, तसं आमचंही गेलं. काकानं मडकं हातात घेताच नाक मुरडलं.

"मोस्खा, याला दवाखान्याचा वास येतोय. उद्या लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते सीमोसला म्हणू देत."

रविवारी चर्चमधून सगळे आमच्याकडे जेवायला आले. मी झाकण फोडलं. चणे लोण्यासारखे मऊ झाले होते, अगदी आई करायची तसे. पण पहिल्याच घासाला एकेकानं चमचा खाली ठेवला. पाद्रीबाबा नुसता पाव चावत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचं शेवटचं जेवण मीच नासवलं होतं, हे मला कळत होतं, आणि तरी राग तसूभरही कमी होत नव्हता. मी माझी वाटी खात राहिले.

सीमोसनं एक चमचा तोंडात घातला आणि तिथेच थांबला. त्याचे डोळे भरून आले.

"मऊ तर तिच्यासारखेच झालेत गं," तो पुटपुटला. "आता मी काय करू, मोस्खा?"

"ऑक्टोबरात पाऊस येईल. तेव्हा तलाव बुजव आणि टाकं भर," मी म्हटलं, आणि त्याच्या वाटीत आणखी एक डाव वाढला. "तोवर हे खा."

त्यानं वाटी पुसून खाल्ली. मी पुन्हा वाढलं.