हिरव्या रेघेवरचा रविवार

उदयसिंह सरनाईकांना गाडी चालवता येत नाही, असं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुणी म्हणू नये. पाटबंधारे खात्यात असताना त्यांनी खात्याची जीप भर पावसात घाटातून हाणलेली आहे, आणि ती गोष्ट ऐकलेली नाही असा माणूस पेठेत सापडणं कठीण. पण घरातल्या टीव्हीवरच्या खेळातली शर्यतीची गाडी काही केल्या त्यांचं ऐकायची नाही, हेही तितकंच खरं.

ती गाडी त्यांच्या मुलीनं आणून बसवली होती. राजनंदिनी लग्न करून अभिरामबरोबर जर्मनीला गेली त्याला पाच वर्षं झाली. घरातलं सगळं बोलणं आईच्या, म्हणजे संयोगिताबाईंच्या, मार्फत चालायचं. वडिलांना काय हवं ते आई मुलीला सांगायची, मुलीला काय दुखतंय ते आई वडिलांना सांगायची. तीन वर्षांपूर्वी संयोगिताबाई गेल्या आणि बापलेक एकदम समोरासमोर आले. फोनवरचं त्यांचं बोलणं म्हणजे सरकारी पत्रव्यवहार. बरं आहे का? बरं आहे. पाऊस? आहे. गुडघा? तसाच. मग दोघंही फोन ठेवायला निमित्त शोधायचे, आणि ठेवल्यावर दोघांनाही वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी नंदिनी आली तेव्हा तिनं उपाय काढला. लहानपणी ती समोर बसवली की मुकी असायची. पण स्कूटरवर मागं बसली की कळंबा तलावापर्यंत तिचं तोंड बंद व्हायचं नाही. बापाचं तोंड दिसत नसलं की तिला बोलता यायचं, आणि खरं सांगायचं तर बापालाही. तिला गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाचं वेड होतंच. तिनं आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला खेळाचं स्टीअरिंग आवळून बसवलं, खाली पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ठेवले, वडिलांच्या कानाला हेडफोन लावला आणि परत गेली. ठरलं असं की दर रविवारी संध्याकाळी दोघांनी एकाच रस्त्यावर गाड्या चालवायच्या. ती तिथून, हे इथून.

उदयसिंहांना जमावं म्हणून तिनं खेळातल्या सगळ्या मदती चालू करून दिल्या होत्या. रस्त्यावर एक हिरवी रेघ उमटायची. त्या रेघेवरून गाडी न्यायची. वळण आलं की रेघ लाल व्हायची, म्हणजे ब्रेक दाबायचा. नाही दाबला तरी गाडी आपली आपण दाबायची. गियर आपोआप पडायचे. चाक घसरलं तर गाडीच सावरून घ्यायची. यांनी फक्त स्टीअरिंग धरून बसायचं, पालखीत बसलेल्या मानकऱ्यासारखं.

आणि उदयसिंह बोलायला लागले. संयोगिताबाई शेवटच्या दिवशी काय म्हणाल्या, ते नंदिनीला विमान मिळेपर्यंत उशीर झाल्यामुळं कधीच कळलं नव्हतं. ते त्यांनी एका लांब सरळ रस्त्यावर सांगितलं. घरात आवाज असावा म्हणून आपण दिवसभर रेडिओ लावून ठेवतो, हेही सांगितलं. एकदा बोलता बोलता ते रडले. डोळ्यांपुढचा रस्ता दिसेना, पण गाडी आपली वळणं घेत राहिली आणि नंदिनीची गाडी शेजारून हळूहळू चालत राहिली. तीही सांगायची. ऑफिसातल्या कटकटी सांगायची, अभिराम हल्ली घरात असून नसल्यासारखा असतो असं सांगायची. कोल्हापूरच्या पोरींसारखं ‘मी आलो, मी गेलो’ बोलायची तिची सवय तिकडं जाऊनही सुटली नव्हती. उदयसिंहांच्या आठवड्यात जगण्यासारखा तेवढाच एक तास होता. बाकीचे दिवस ते त्या तासाकडं बघत काढायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गणपतराव आले. गणपतराव म्हणजे तालमीच्या कट्ट्यावरचे जुने दोस्त, एके काळी पेठेच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर, आणि आता सगळ्या पेठेच्या उणिवा पकडणारे. ते एका रविवारी सहज डोकावले आणि खुर्चीच्या मागं उभे राहून बघत बसले. उदयसिंहांचा पाय ब्रेकवर नव्हता आणि गाडी मात्र वळणाआधी थांबत होती, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

“तू गाडी चालवतोयस, का गाडीच तुला फिरवून आणत्या?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर हा एकच विषय होता. सरनाईक कुबड्या घेऊन शर्यत पळतोय. सरनाईकाला लेक बोट धरून चालवत्या. कुणी म्हणालं, घाटातली जीपसुद्धा आपोआपच चालत असेल. कोल्हापूरच्या माणसाला एक वेळ उपाशी ठेवा, पण त्याला ईर्षेला पेटवू नका. उदयसिंह पेटले. लेकीला पुढच्या महिन्यात सगळ्या मदती बंद करून गाठून दाखवतो, नाहीतर कट्ट्यावर पाऊल ठेवणार नाही, असं ते भर कट्ट्यावर बोलून बसले. ज्या मदतींमुळं लेक बोलत होती त्याच आपण पणाला लावतोय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. पेठेत पैज लागली की डोकं आधी बाजूला काढून ठेवतात.

सोमवारपासून सराव सुरू झाला. पहिल्यांदा त्यांनी हिरवी रेघ बंद केली. रेघ गेल्यावर रस्ता एकदम मोकळा आणि परका झाला. कुठं थांबायचं ते कळेना, प्रत्येक वळणावर गाडी मातीत. मग त्यांनी खुणा धरल्या. पिवळ्या फलकाशी ब्रेक, पुलाच्या सावलीत गियर. रेघेशिवाय जमल्यावर ब्रेकची मदत काढली, मग आपोआप पडणारे गियर काढले, आणि सगळ्यात शेवटी चाक घसरू न देणारी मदत काढली. तेव्हा तर गाडी खोंडासारखी अंगावर यायला लागली. जरा जास्त ॲक्सिलरेटर दिला की गरकन फिरून उलट्या तोंडानं उभी. गणपतराव रोज दुपारी भडंगाची पुडी घेऊन हजर असायचे. आग त्यांनीच लावली होती, आता कोचही तेच झाले होते. उदयसिंहांचा वेळ मजेत जाऊ लागला. रेडिओ लावायची आठवण राहीना. हेही मान्य केलं पाहिजे की ते खरोखर चांगले चालवायला लागले.

महिन्याभरानं, पैजेच्या रविवारी, नंदिनीला त्यांनी काही सांगितलं नाही, फक्त म्हणाले, आज जरा जोरात हाण. दोन्ही गाड्या सुटल्या. उदयसिंहांचे खांदे कानापर्यंत गेले होते. डोळ्यांत पिवळा फलक, पायात ब्रेक, बोटांत गियर. गणपतराव श्वास रोखून मागं उभे.

“पप्पा, एक बोलायचं होतं,” नंदिनी म्हणाली.

“थांब बाळा, वळण हाय.”

ती थांबली. वळण गेलं, सरळ रस्ता आला. पण सरळ रस्त्यावर भराभर गियर टाकायचे असतात. तिनं पुन्हा पप्पा म्हटलं. उदयसिंह म्हणाले, आता नको, नंतर बोल. त्यानंतर हेडफोनमधून फक्त इंजिनांचा आवाज येत राहिला. शेवटच्या फेरीत ते तिच्या गाडीच्या मागच्या दिव्याला जवळजवळ चिकटले होते.

शर्यत संपल्यावर पप्पा एवढे जवळ कसे आले ते नंदिनीला आधी कळेचना. मग तिनं विचारलं, आणि सगळं बंद करून चालवलंत हे ऐकल्यावर ती केवढ्यानं हसली. तिला अभिमान वाटला होता, तो आवाजात कळत होता. गणपतरावांनी पाठीवर अशी थाप मारली की हेडफोन गळ्यात आला. तो परत कानाला लावून उदयसिंहांनी विचारलं, काय सांगत होतीस? काही नाही, नंतर सांगतो, ती म्हणाली. ते त्या दिवशी फार खुशीत होते, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं बातमी दिली. तिच्या ओळखीच्या खेळाडूंचा एक क्लब होता, त्यात तिनं पप्पांचं नाव घातलं होतं. आता तुम्हाला माझ्याशेजारून हळू चालायची गरज नाही, ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा आवाज जरा बारीक झाला, पण तो उदयसिंहांच्या लक्षात कसा यावा? त्यांच्या डोळ्यांपुढं कट्टा होता.

क्लबाची शर्यत रविवारीच असायची, त्यात बापलेकीचा तास गेला. नियम कडक. कुठलीही मदत चालू असेल तर आत घेत नसत. शर्यत चालू असताना कुणी बोलायचं नाही. वीस-बावीस परके लोक, कुणी पोलंडचा, कुणी ब्राझीलचा. नंदिनी पहिल्याच वळणाला पुढं निघून जायची. तिची गाडी दिसायची नाही. पडद्याच्या कोपऱ्यात क्रमांकांच्या रांगेत वरती तिचं नाव दिसायचं, तेवढंच. शर्यत संपली की ती ‘छान चालवलंत पप्पा’ म्हणायची आणि बाकीचे इंग्रजीत गोंगाट करायचे. उदयसिंह आधी चौदावे आले, मग नववे, मग सातवे. सातवे आले त्या दिवशी कट्ट्यावर पेढे वाटले. घरी आले, कुलूप उघडलं, आणि सातवा आलो हे सांगायला घरात कुणी नव्हतं. त्यांनी रेडिओ लावला. फोनवर पुन्हा गुडघा आणि पाऊस सुरू झाला होता.

मग एका शनिवारी हुपरीहून क्रांती आली. संयोगिताबाईंची धाकटी बहीण. तिचं घर चांदीकामातलं, जिभेलाही तशीच धार. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. नंदिनीनं अभिरामचं घर सोडून महिना उलटून गेला, ती वेगळ्या खोलीत राहते, तिनं मावशीला रडत फोन केला, हे सगळं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. उदयसिंहांनी विचारलं, मला का नाही सांगितलं?

“सांगाय गेलती की तुम्हाला,” क्रांती म्हणाली. “तुम्ही वळणात होता म्हणं, दाजी.”

ती गेल्यावर उदयसिंहांनी दार लावलं. संयोगिता असती तर आपल्याला कळलं असतं, हे त्यांना वाटलं. आणि पाठोपाठ असंही वाटलं, की संयोगिता नसूनही कळलं असतं. पोरगी स्वतःहून सांगायला आली होती. आपण तिला थांब म्हणालो, आणि ती पोर आयुष्यभर सांगितलेलं ऐकत आली, म्हणून थांबली. त्यांना स्वतःचा एवढा राग आला की कट्ट्यावरची सगळी पेठ त्यात बसली असती.

रविवारी शर्यतीच्या आधी त्यांनी तिला फोन लावला. क्लबातनं माझं नाव काढ, म्हणाले. तिला वाटलं तब्येत बिघडली. पुढच्या खेपेला पहिल्या पाचात याल, आता कशाला सोडता, असं ती समजावायला लागली.

“आपली जुनी गाडी लाव,” उदयसिंह म्हणाले. “रेघ, ब्रेक, गियर, सगळं चालू करून.”

“पण तुम्हाला आता त्याची गरजच नाही, पप्पा.”

“हाय. ब्रेककडं बघत बसलो की मला तुझं काही ऐकू येत न्हाय. मला गाडी चालवायची न्हाय बाळा, मला तू काय बोलतीस ते ऐकायचं हाय.”

“बघतो,” ती म्हणाली. मग तिनं फोन ठेवला. उदयसिंह हेडफोन लावून वाट बघत बसले. येईल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. तेवढ्यात गणपतराव भडंग घेऊन शर्यत बघायला आले. पडद्यावरची हिरवी रेघ बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. परत कुबड्या का, त्यांनी विचारलं. व्हय, उदयसिंह म्हणाले, आणि कट्ट्यावर जाऊन सगळ्यांना सांग म्हणाले. गणपतरावांनी भडंगाची पुडी टेबलावर ठेवली आणि ते दार ओढून घेऊन निघून गेले.

थोड्या वेळानं शेजारी दुसरी गाडी येऊन उभी राहिली. उदयसिंहांनी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. कोण काय मदत घेतंय ते तिथं दिसतं. नंदिनीनं तिच्याही गाडीला सगळ्या मदती लावल्या होत्या. इतकी वर्षं खेळणाऱ्या पोरीला त्यातली एकही लागत नव्हती.

पहिली फेरी कुणीच बोललं नाही. रेघ लाल झाली, गाड्या हळू झाल्या, वळल्या, पुन्हा सुटल्या. दुसऱ्या फेरीतही नाही. उदयसिंहांनी काही विचारलं नाही. क्रांतीनं सांगितलंय हेही ते बोलले नाहीत. हात स्टीअरिंगवर ठेवून ते नुसते तिच्या श्वासाचा आवाज ऐकत होते. तिसऱ्या फेरीत लांब सरळ रस्ता लागला.

“पप्पा, मी आता वेगळं राहतो,” ती म्हणाली. “एकटीच.”

“मीबी, बाळा,” उदयसिंह म्हणाले.

मग ती रडायला लागली, आणि दोन्ही गाड्या एकमेकींच्या शेजारून आपापली वळणं घेत राहिल्या.