दोन बसकी नाकं

धाकटी दुकानात शिरली ती तोंडावर मास्क लावून. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसत म्हणाली, "ताई, चष्मा जरा सैल कर ना. नाकाला टोचतोय."

मी तीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवतेय. धाकटीचा चष्माही तिच्या शाळेपासून माझ्याच हातचा. आमच्या बाबांनी मागे फारसं काही ठेवलं नाही, पण नाक मात्र दोघींना अगदी समसमान वाटून दिलं. दोन डोळ्यांच्या मध्ये उंचवटा म्हणून काही नाहीच. चष्मा ठेवला की घसरगुंडीवर बसल्यासारखा खाली येतो. तिच्या फ्रेमला मी नाकावर टेकणारे जाड नोजपॅड लावते, ते आत वळवते, तरी ही बया दर महिन्याला घसरतो म्हणून हजर. टोचतो म्हणून मात्र आजवर कधी आली नव्हती.

"मास्क काढ."

"सर्दी झालीय. तुला लागेल."

"लागू दे."

ती हलेना. मग मीच तिचा चष्मा उतरवला, मास्क खाली ओढला आणि सवयीनं पॅडचे ठसे बघितले. चष्मा काढला की नाकाच्या दोन्ही बाजूंना गुलाबी खुणा दिसतात आणि बघता बघता निवळतात. उजवीकडची खूण गुलाबी होती. डावीकडे नखाएवढं कातडं पांढरं पडलं होतं. मी बोटानं हलकंच दाबून सोडलं, तर रंग परत येईना. आणि बोटाखाली जे लागलं, ते आमच्या घरातलं नाक नव्हतं.

"कधी टोचून घेतलंस?"

तिनं आधी इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सकाळी दहाला. पार्लरमध्ये. नाक वर यायला सुईनं फिलर भरतात गं, ऑपरेशन वगैरे काही नाही. पंधरा दिवस चष्मा लावू नका म्हणाल्या, पण चष्म्याशिवाय मला रेघ तरी दिसते का?"

धाकटी नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला आहे. तिचा बेत असा होता की मास्क लावून यायचं, पॅड वळवून घ्यायचे आणि ताईला पत्ता लागू द्यायचा नाही. नाक लपवायला आली कुणाकडे, तर माझ्याकडे. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"दुखतंय?"

"थोडंसं."

"खरं सांग."

"फार दुखतंय, ताई."

घड्याळात एक वाजत होता. टोचलेलं औषध रक्तवाहिनीत शिरलं की पुढच्या कातड्याला रक्त पोचत नाही आणि ते काही तासांत मरायला लागतं. तेच औषध मागे डोळ्याकडे सरकलं तर डोळा जातो, आणि गेलेला डोळा सहसा परत येत नाही. हे मला माहीत होतं. मी मालकांना एवढंच सांगितलं की बहिणीला दवाखान्यात नेतेय, आणि तिचा दंड धरून रस्त्यावर आले.

टॅक्सीत बसल्याबरोबर म्हटलं, "उजवा डोळा झाक. समोरचा बोर्ड वाच."

चष्मा डोळ्यांपुढे नुसता धरून तिनं वाचलं, "टायर बदलून मिळतील."

"पुढचा."

"खोल्या भाड्यानं देणे आहे. ताई, तू मला घाबरवतेयस."

"घाबर. घाबरायलाच पाहिजे."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुला हे सगळं कसं माहीत?"

"गिऱ्हाइकांकडून ऐकलंय," मी म्हटलं. हे साफ खोटं होतं. दोन वर्षं दुपारी दुकान रिकामं असलं की मी फोनवर हेच वाचते. फिलर वर्षभरात विरतो. सिलिकॉनची पट्टी टिकते, पण सरकू शकते. कानामागची नाही तर बरगडीची कूर्चा काढून बसवतात, ती आपलीच असते, पण ऑपरेशन मोठं. आणि धागे घालतात, ते फार दिवस पुरत नाहीत. प्रत्येकाचे फायदे-तोटे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं हे असलं काही वाचत बसावं याची मला लाज वाटायची, म्हणून कुणाला बोलले नव्हते.

पण त्या वाचनामुळेच एक गोष्ट डोक्यात पक्की होती. फिलर सगळे सारखे नसतात. एका जातीचा इंजेक्शननं विरघळवता येतो, दुसऱ्या जातीचा येत नाही. हिच्या नाकात कुठला आहे, ते हिला ठाऊक नव्हतं. पार्लरचा फोन कुणी उचलेना. पार्लर वाटेतच होतं, म्हणून टॅक्सी थांबवली आणि टॅक्सीवाल्याला म्हटलं, "पाच मिनिटं. हिच्याशी बोलत राहा, आणि दिसत नाही म्हणाली तर हॉर्न वाजवा." तो बिचारा चांगलाच गोंधळला, पण हो म्हणाला.

पार्लरवाली कुणाचे तरी केस धूत होती. तिनं सरळ कानांवर हात ठेवले. "अहो, सूज असते पहिल्या दिवशी. बर्फ लावा म्हणावं."

"कातडं पांढरं पडलंय. काय भरलंत ते सांगा."

"चांगल्यातलंच भरलंय. सगळ्यांना तेच भरते."

"नाव सांगा. खोका दाखवा."

"खोका टाकला."

"कुठे?"

तिची नजर खुर्चीमागच्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली. मी डबा उचलला आणि तिथेच लादीवर उपडा केला. केस, कापूस, कागदी कप. ज्या बाईचे केस धुतले जात होते, ती ओल्या डोक्यानं उठून बसली. पार्लरवाली ओरडायला लागली की पोलिसांना बोलावते. "बोलवा," मी म्हटलं, "मलाही हवेच आहेत." ढिगाच्या तळाशी खोका सापडला. बाहेर हॉर्न वाजला.

मी धावत आले. "काय झालं?"

"काही नाही हो, मागच्या गाडीला वाजवला," टॅक्सीवाला म्हणाला.

त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. विरघळणारा होता.

हॉस्पिटलात त्वचेच्या डॉक्टरबाईंनी नाक दाबून बघितलं, खोका बघितला आणि एका मिनिटात नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. तोवर पांढऱ्या डागाच्या कडेनं जांभळी जाळी उमटली होती. "उशीर केला नाहीत ते बरं," त्या म्हणाल्या. "मात्र भरलेलं सगळं जाईल. नाक पहिल्यासारखं होईल. इथे सही करा."

धाकटीनं पेन घेतलं आणि थांबली.

"कर ना," मी म्हटलं.

"ताई, आधी बघ."

"काय बघू?"

तिनं चष्मा खाली ठेवला आणि मान वळवून माझ्याकडे चेहऱ्याची उजवी बाजू केली. "तुझ्या फोनमध्ये लोकांच्या नाकांचे कितीतरी फोटो आहेत. असेच, बाजूनं काढलेले. आधीचे, नंतरचे. दोन वर्षं नुसती बघतेयस, करत काही नाहीस. म्हटलं, आधी मी करून बघते, नीट झालं तर तुला घेऊन येईन. आता जाणारच आहे, तर एकदा बघून घे. तुझं असं दिसलं असतं."

डॉक्टरबाई सिरिंज हातात घेऊन उभ्या होत्या. मी बघितलं. खोटं कशाला बोलू, छान दिसत होतं. कपाळापासून एक सरळ रेघ खाली आली होती, जी आमच्या घरात कुणालाच कधी नव्हती. तिला दोन थोबाडीत द्याव्यात की जवळ घ्यावं ते मला कळेना. जिनं माझ्यासाठी स्वतःचं नाक पुढे केलं तिला टॅक्सीभर मी नुसती डाफरत आले होते.

"बघितलं," मी म्हटलं. "सही कर."

तिनं केली.

पहिल्या इंजेक्शननंतर काहीच झालं नाही. डॉक्टरबाई दाबत, सोडत, घड्याळ बघत. दुसऱ्यानंतरही डाग तसाच राहिला. मी दर पाच मिनिटांनी तिला भिंतीवरची पाटी डाव्या डोळ्यानं वाचायला लावत होते आणि ती न कुरकुरता वाचत होती. तिसऱ्यानंतर तासाभरानं डागाच्या कडेला गुलाबी रंग चढायला लागला, आणि डॉक्टरबाई पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. "येतंय रक्त," त्या म्हणाल्या. "आज इथेच राहू दे. एखादा व्रण राहील, पण नाक वाचलं आणि डोळाही."

त्या बाहेर गेल्यावर मी धाकटीच्या उशाशी बसले. रेघ पार उतरली होती. तिनं आरसा मागितला नाही, डोळे मिटून पडली होती.

"कशी दिसते?" तिनं विचारलं.

"माझ्यासारखी," मी म्हटलं.

दिवसभर डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी बहीण तेव्हा रडली.