क्वाउतेमोकचं अभ्यंगस्नान

सम्राटाच्या मानेमागे, नाण्याच्या कडेला, दोन मिलिमीटरचा तपकिरी डाग शिल्लक होता. बाकी चांदी इतकी लखलखत होती की रत्नाला त्यात आपली हनुवटी दिसत होती. ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा, उकळतं पाणी – अभिक्रिया साधी, थोडा गंधकाचा वास येतो इतकंच. निरांजन, अत्तरदाणी, करंडा आणि त्याच पातेल्यात उल्हासची चौदा मेक्सिकन नाणी, १९४७ सालची, प्रत्येकावर क्वाउतेमोक, शेवटचा अझ्टेक सम्राट... लक्ष्मीपूजनाला घरातली चांदी उजळायची, हे आईनं सांगितलेलं. जुनी नाणी कधीच उजळायची नाहीत, किंमत जाते, हे नवऱ्यानं अकरा वर्षं सांगितलेलं. दोन्ही ऐकलं होतं तिनं.

नाणी विकत घ्यायला आलेले, कॅरी गावच्या नाणेसंग्राहक क्लबातले हॉलंड आत्ताच गेले. त्यांनी भिंगातून एक नाणं पाहिलं, दुसरं पाहिलं, हातमोजे काढले आणि उल्हासच्या खांद्यावर हात ठेवून ‘सॉरी फॉर युअर लॉस’ म्हणाले. व्हरांड्यातल्या आकाशकंदिलाला डोकं आपटलं, त्यालाही सॉरी म्हणाले.

टेबलावर चौदाही सम्राट नुकतेच न्हाऊन आल्यासारखे बसले होते.

अमेरिका सोडून नागपूरला कायमचं परत जायचं म्हणून उल्हास घर रिकामं करत होता – आधी ट्रेडमिल, मग सोफा, आता ही. राजीनामा कधी देतेस, असं तो जूनपासून विचारायचा. स्टेबिलिटी स्टडी संपू दे, ती म्हणायची. औषध किती टिकतं ते पाहणारा तो अभ्यास छत्तीस महिने चालतो, हे तिनं सांगितलं नव्हतं.

“अगं, तू केमिस्ट ना?” उल्हास म्हणाला. “पंचाहत्तर वर्षं लागली होती तो रंग चढायला.”

“दिवाळी आहे. चांदी होती.”

“तुला खरंच माहीत नव्हतं?”

प्रयोगवहीत तिनं कधी खोटी नोंद केली नव्हती. पातेल्यावर हात थांबला होता – किती वेळ? चार सेकंद... नाही, पाच. पाच सेकंदांत माणूस चूक करत नाही; ठरवतो. आणि नाणी पाण्यात पडल्यावर जे वाटलं, ते वाईट मुळीच नव्हतं – हलकं होतं, जरा लाजिरवाणं, भूक लागल्यासारखं.

“माहीत होतं,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला, याचं तिला नवल वाटलं. “उल्हास, मी नागपूरला येणार नाहीये.”