नितळ तळ्याचा चमत्कार

दोंडाईच्याजवळच्या त्या तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेवाळानं हिरवंगार असलेलं पाणी दोन महिन्यांत नितळ, निळसर झालं होतं. त्यात ना गोगलगाय, ना किडा. नाल्याच्या तोंडाशी मंडप घालून नितळानंद महाराज लोखंडी खिळा पाण्यात बुडवत आणि थोड्या वेळानं तांबूस सोनेरी करून वर काढत.

"पापयोनीतले जीव तळ सोडून गेले! आता हे पाणी नाही, अमृत आहे. गर्भवतीनं रोज पेलाभर प्यावं, पोटी सोन्यासारखा पुत्र येईल!"

मुलगी झाली तर काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

गर्दीत ताईबाई भोईण उभी होती. पंचवीस वर्षं ती याच तळ्यात पायानं चाचपून शिंपले काढत आणि विकत आली होती. तिची सून रूपाली सहा महिन्यांची पोटुशी. मुलानं हौसेनं तिचं नाव उद्याच्या तीर्थासाठी नोंदवलं होतं.

ताईबाई पाण्यात उतरली. पायाखाली नुसता गुळगुळीत चिखल. हाताला आले ते आ वासलेले, रिकामे शिंपले. ते आणि बाटलीभर पाणी घेऊन तिनं शाळेतल्या जीनत मॅडमना गाठलं.

"मॅडम, जीव निंघी ग्यात म्हने. मंग त्यासना मढा आठे कसा पडेल शेतस?" तिनं मेलेले शिंपले मॅडमपुढं ओतले.

दुसऱ्या दिवशी मॅडम मंडपात हजर. मिरचीवर फवारायचं मोरचूद त्यांनी घरच्या पाण्यात विरघळवलं, खिळा बुडवला आणि तो तांबूस झाल्यावर म्हाताऱ्या कौतिक आबांच्या हाती दिला.

"घासा, आबा."

सोनं आबांच्या धोतराला लागलं, खिळा जुनाच निघाला.

"हे तांबं आहे, मोरचुदात असतं तेच," मॅडम म्हणाल्या. "तांब्याचा मुलामा देणाऱ्या कारखान्याचं पाणी या नाल्यानं तळ्यात येतं. धातू गाळात बसतो. गाळात राहणारे किडे, शिंपले आधी मरतात. शेवाळही मरतं, म्हणून पाणी नितळ."

"नास्तिक बाई!" महाराज ओरडले.

ताईबाईनं रूपालीच्या हातातला पेला काढून महाराजांपुढं धरला. "पहिले तुम्ही प्या."

महाराजांना एकाएकी निर्जळी उपवास आठवला. मंडपभर हशा पिकला. ताईबाई मात्र हसली नाही.

"मन्हं तळं मरी गयं," ती म्हणाली, "नि तुम्ही बठ्ठा त्यानी आरती करी ऱ्हायनात."

लोकहो, पाणी नितळ दिसलं म्हणून हात जोडू नका. तळाशी काही जिवंत आहे का, ते आधी वाकून बघा. आणि नसेल, तर कारखान्याच्या दारात जाऊन जाब विचारा.